संकरित झाडं आणि त्यांच्यावर जगणारे कीटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन जातींच्या झाडांचा संकर झाला की त्या नव्या झाडावर कीड जास्त येते की कमी? रोपवाटिका चालवणारे हा प्रश्न विचारतात, जंगलाचा अभ्यास करणारेही विचारतात, आणि बहुतेकांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. ते तसं देता येत नाही. कीटकाला 'संकर' कळत नाही. त्याला कळतो तो पानाचा वास, चव, कोवळेपणा आणि पालवी फुटण्याची वेळ. खालचे बरेचसे प्रश्न शेवटी याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

संकरित झाडांवर कीड जास्त पडते, हे खरं आहे का?

काही झाडांच्या बाबतीत खरं आहे, काहींच्या बाबतीत साफ चुकीचं. आतापर्यंतच्या अभ्यासांमध्ये पाच तऱ्हा दिसल्या आहेत. कधी संकरावरची किडीची संख्या दोन्ही मूळ जातींच्या मधोमध असते. कधी ती एका मूळ जातीइतकीच भरते, म्हणजे त्या जातीचा गुण वरचढ ठरतो. कधी संकरावर दोघांपेक्षा जास्त कीड असते, कधी दोघांपेक्षा कमी, आणि कधी काहीच फरक नसतो. यातली 'दोघांपेक्षा कमी' ही तऱ्हा निसर्गात तशी दुर्मीळ आहे. बाकीच्या चारही नेहमी भेटतात.

गंमत अशी की एकाच झाडावर या सगळ्या तऱ्हा एकत्र नांदू शकतात. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात विलोच्या दोन जातींचा, सॅलिक्स सेरिसिया आणि सॅलिक्स एरिओसेफाला यांचा, आपोआप संकर होतो. रॉबर्ट फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडांवरचे कीटक वर्षानुवर्षं मोजले. पानं पोखरणारी नागअळी, गाठी करणारे कीटक, पानं गुंडाळणाऱ्या अळ्या, प्रत्येकाचा कल निराळा निघाला. पानांवरचा तांबेरा हा बुरशीचा रोग मात्र संकरांवर ठळकपणे जास्त होता. त्यामुळे 'हे झाड किडीला बळी पडतं का?' असं कोणी विचारलं, तर आधी 'कोणत्या किडीला?' हे विचारून घ्यावं.

मग 'संकरित झाड म्हणजे किडीचं आगर' ही समजूत आली कुठून?

तिला एक भक्कम उदाहरण कारणीभूत आहे, आणि ते तपशिलात सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यात वेबर नावाची नदी आहे. तिच्या काठाने कॉटनवुडच्या, म्हणजे पॉप्लरच्याच गणातल्या, दोन जाती वाढतात. खालच्या सखल भागात रुंद पानांचा फ्रेमाँट कॉटनवुड, वर डोंगराच्या घळीत अरुंद पानांचा. दोघांच्या हद्दी जिथे एकमेकींवर चढतात तिथे काही किलोमीटर लांबीचा संकरपट्टा तयार झाला आहे. या झाडांवर पेम्फिगस बीटी नावाचा मावा पानावर गाठ करून राहतो. थॉमस व्हिटम यांनी १९८९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष असा, की माव्याच्या एकूण संख्येपैकी ८५ ते १०० टक्के मावा ३ टक्क्यांहूनही कमी झाडांवर एकवटलेला होता, आणि ही झाडं संकरपट्ट्यातली होती.

व्हिटम यांनी यावरून एक तर्क पुढे मांडला. संकरित झाडांवर माव्याचं इतकं छान चालत असेल, तर मूळ जातींच्या बळकट झाडांवर मात करायला शिकण्याचं दडपण त्याच्यावर राहत नाही. म्हणजे संकरपट्टा हा किडीला शोषून घेणारा खड्डा ठरतो. कल्पना आकर्षक होती आणि ती झपाट्याने पसरली, जरा जास्तच झपाट्याने. लगेच पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, ओकच्या संकरपट्ट्यांवरचं काम पुढे आलं. तिथे पानं पोखरणारे आणि गाठी करणारे कीटक संकरांवर वाढलेले नव्हतेच, उलट कमी दिसत होते. एका नदीकाठच्या एका माव्याची गोष्ट सगळ्या झाडांना लावता येत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. तरी समजूत टिकून आहे, कारण ८५ टक्के हा आकडा विसरायला अवघड आहे.

कीटक झाड 'निवडतो' म्हणजे नेमकं काय करतो?

पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर वेगळं इंद्रिय काम करतं.

लांबून वास आणि रंग. हिरव्या पानांतून बाहेर पडणारी, हवेत उडून जाणारी द्रव्यं वाऱ्यावर पसरतात आणि कीटकाच्या मिशांवरचे संवेदक ती टिपतात. बहुतेक वेळा एखादं खास द्रव्य लागतं असंही नाही. नेहमीच्याच चार-सहा द्रव्यांचं प्रमाण ओळखीचं असलं की पुरतं. प्रमाण बिघडलं तर तोच वास परका वाटतो.

झाडावर उतरल्यावर खरी तपासणी सुरू होते. लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालणाऱ्या स्वॅलोटेल फुलपाखरांची मादी अगदी जवळून पाहावी. पानावर बसल्याबरोबर ती पुढचे दोन पाय भराभर पानावर आपटते. हा चाळा नसतो, ती चव घेत असते. पायांच्या टोकांवर चवीचे केस असतात, आपटण्याने पानाचा पृष्ठभाग किंचित खरवडला जातो आणि आतला रस त्या केसांना लागतो. पॅपिलिओ झुथस या आशियाई जातीत सायनेफ्रिन हे द्रव्य ओळखणारा संवेदक २०११ मध्ये सापडला. एकट्या सायनेफ्रिनवर मात्र ती अंडं घालत नाही. इतर बऱ्याच द्रव्यांचं मिश्रण सोबत लागतं. चव पटली तर पोट वळवून एक अंडं, नाही पटली तर पुढचं पान. हे सगळं काही क्षणांत उरकतं.

भुंगेरे आणि अळ्या छोटा चावा घेऊन बघतात. मावा सोंड खुपसून पेशींतला रस चाखत चाखत शिरेपर्यंत जातो आणि मधल्या वाटेत काही खटकलं तर सोंड काढून घेतो. म्हणून माव्याच्या बाबतीत 'झाडावर दिसला' आणि 'झाड पत्करलं' यांत फरक करावा लागतो.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. निवडणारा आणि भोगणारा दर वेळी एकच जीव नसतो. वर सांगितलेला वेबर नदीकाठचा मावा उन्हाळ्यात झाड सोडतो आणि चाकवतासारख्या झुडपांच्या मुळांवर राहतो. शरद ऋतूत पंख असलेल्या माद्या परत कॉटनवुडच्या खोडावर येतात आणि नर-माद्यांना जन्म देतात. या पिढीला खाण्यासाठी तोंडच नसतं. त्यातली प्रत्येक मादी सालीच्या फटीत एकच अंडं घालून मरते. वसंतात त्या अंड्यातून निघालेलं पिल्लू चालत चालत उमलत्या पानापर्यंत जातं आणि मधल्या शिरेपाशी, देठाच्या अगदी जवळ, जागा धरतं. म्हणजे झाड निवडलं आधीच्या वर्षीच्या पाहुणीने, पान निवडलं या पिल्लाने. मोठ्या पानाच्या देठाजवळची जागा सर्वांत किफायतशीर, तिथे संतती जास्त होते. त्यासाठी दोन मावे एकमेकांना ढकलत, लाथा मारत तासन्‌तास झगडतात. हरलेला त्याच पानावर टोकाकडे सरकतो आणि त्याच्या गाठीत कमी पिल्लं होतात.

संकरित झाडाचा वास आणि चव दोन्ही मूळ जातींच्या मधली असते का?

पुष्कळदा असते, पण त्यावर विसंबू नये. पहिल्या पिढीच्या संकरात दोन्हीकडची बहुतेक संरक्षक द्रव्यं उतरतात. मात्र प्रत्येकाचं प्रमाण स्वतंत्रपणे ठरतं. एक द्रव्य अगदी मध्यावर असतं, दुसरं जवळजवळ नाहीसं होतं, तिसरं दोघांपेक्षा जास्त भरतं. क्वचित असं काही तयार होतं जे मूळ जातींपैकी कोणाकडेच नव्हतं.

विलोच्याच उदाहरणात सॅलिक्स सेरिसियाच्या पानांत सॅलिसिनच्या कुळातली कडू द्रव्यं भरपूर आणि टॅनिन (तुरट द्रव्य) कमी, तर एरिओसेफालात नेमकं उलट. संकराच्या पानात दोन्ही असतात, मध्यम प्रमाणात. कडूपणा सहन न होणाऱ्या कीटकाला हे झाड सेरिसियापेक्षा बरं वाटेल. टॅनिनमुळे अडणाऱ्याला एरिओसेफालापेक्षा बरं वाटेल. आकडे मधले असूनही दोघांच्या लेखी निकाल निरनिराळा लागतो.

शिवाय चव म्हणजे फक्त रसायन नव्हे. पानावरची लव, पानाचा जाडपणा, पानातलं पाणी आणि नत्र, हे सगळं संकरात बदलतं. लव विरळ झाली की छोट्या किड्यांना पानावर पाय रोवणं सोपं जातं.

पहिल्या पिढीचा संकर आणि त्यापुढचे संकर यांत एवढा काय फरक पडतो?

फार पडतो. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक झाडात अर्धे गुणसूत्र आईकडचे आणि अर्धे बापाकडचे असतात, त्यामुळे ती झाडं आपसांत बरीच सारखी दिसतात. हे झाड पुन्हा एखाद्या मूळ जातीशी जुळलं की पत्ते पिसले जातात. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र काम करत आलेले जनुकांचे गट फुटतात, आणि एखाद्या झाडाची संरक्षणव्यवस्था अर्धवट राहते. कीड कोसळते ती सहसा अशा झाडावर. शेजारचं, त्याच संकरातून आलेलं झाड मात्र स्वच्छ असतं.

वेबर नदीकाठी पहिल्या पिढीचे संकर फक्त अरुंद पानांच्या जातीशी पुन्हा जुळतात, फ्रेमाँटशी नाही. त्यामुळे त्या पट्ट्यात एका बाजूला झुकलेली, पण आतून फार विविध अशी झाडांची गर्दी आहे. 'संकर' म्हणून या सगळ्यांची सरासरी काढणं म्हणजे माहितीच्या निम्म्या भागावर पाणी सोडणं.

पालवी फुटण्याच्या वेळेचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि माझ्या मते रसायनांइतकाच. कोवळं पान मऊ असतं, त्यात नत्र जास्त असतं. बरेच कीटक त्या थोड्या दिवसांवरच जगतात. दोन मूळ जातींना पालवी वेगवेगळ्या वेळी फुटत असेल, तर संकरपट्ट्यात ती पुढेमागे फुटत राहते. कोवळी पानं अधिक काळ मिळतात आणि कीटकांना एका जागेवरून दुसरीकडे जाण्याची गरज उरत नाही.

केव्हिन फ्लोट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कॉटनवुडवरच्या क्रायसोमेला कॉन्फ्लुएन्स या पानभुंगेऱ्याबद्दल हेच दाखवलं. भुंगेरे संकरपट्ट्यात गोळा होतात याचं मोठं कारण पालवीचं वेळापत्रक हे होतं. प्रयोगशाळेत पानांचे तुकडे ठेवून केलेल्या चाचणीत असलं कारण कधीच दिसणार नाही, कारण तिथे सगळी पानं आपणच एका दिवशी तोडून आणलेली असतात.

वयाचाही विचार करावा. कॉटनवुडवर हाच भुंगेरा पोरसवदा फुटव्यांवर तुटून पडतो आणि गाठी करणारा मावा पोक्त झाडांवर. संकराची सगळी झाडं कोवळी आणि मूळ जातीची सगळी जुनी, अशी तुलना केली तर काहीही सिद्ध करता येईल.

आई जे झाड निवडते ते पिल्लांना मानवतंच ना?

मानवेल असं वाटतं खरं, पण नेहमी नाही. संकरित झाडं हीच या विश्वासाला धक्का देणारी सर्वांत चांगली जागा.

चेस्टनटच्या कळ्यांत अंडी घालणारी ड्रायोकॉसमस कुरिफिलस नावाची इवलीशी गांधीलमाशी मूळची चीनची. २००२ मध्ये ती इटलीत आढळली आणि युरोपभर पसरली. या जातीत नर नसतात. प्रत्येक मादी एकटीच पुरेशी असते. ती उन्हाळ्यात कळीत अंडी घालते, अळी हिवाळाभर कळीतच बारीकशी राहते, वसंतात कळी फुगली की तिथे पानाऐवजी हिरवट-गुलाबी गाठ तयार होते. युरोपीय आणि जपानी चेस्टनटच्या संकरातून फ्रान्समध्ये निघालेलं 'बूश द बेतिझाक' हे वाण या किडीला दाद देत नाही. पण मादी त्याला टाळत नाही! ती त्या कळ्यांतही अंडी घालते. अळ्या निघतात, हिवाळा काढतात. वसंतात कळी जागी होते तेव्हा अळीभोवतीच्या पेशी आपणहून मरतात आणि अळी उपाशी मरते. गाठ होत नाही, पान सरळ येतं.

मादीला ही फसगत ओळखता येत नाही, कारण अंडं घालण्याच्या दिवसांत कळीच्या बाहेरून तसा काही पुरावाच नसतो. नवीन संकर हा तिच्या पूर्वजांनी कधी न पाहिलेला प्रकार. त्याबद्दल सावध राहण्याची सवय तिच्या रक्तात असणार कशी? दुसऱ्या टोकालाही हेच घडतं. ज्या झाडावर अळ्या उत्तम वाढल्या असत्या ते झाड केवळ वास परका म्हणून सोडून दिलं जातं.

एकाच झाडावर जगणारे आणि काहीही खाणारे, यांच्या निवडीत फरक असतो का?

असतो. एकाच गणावर जगणारे कीटक त्या गणाचं विषच खूण म्हणून वापरतात. क्रायसोमेला गटातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या पानातलं सॅलिसिन शरीरात घेतात, त्यापासून सॅलिसिल-आल्डिहाइड बनवतात आणि पाठीवरच्या ग्रंथींतून त्याचे थेंब काढून मुंग्यांना पळवून लावतात. सॅलिसिन कमी झालेला संकर अशा कीटकाला 'सौम्य' वाटत नाही, निकामी वाटतो. त्याच वेळी सर्वभक्षी अळीला तो संकर हवाहवासा वाटू शकतो.

सर्वभक्षींची अडचण निराळी. पर्याय जितके जास्त, तितका निर्णय संथ आणि तितका कच्चा. एका झाडावर जगणारा कीटक झटकन ठरवतो.

यावरून हेही कळतं, की संकरपट्ट्यात एकूण कीटकजातींची संख्या का वाढू शकते. टास्मानियातल्या निलगिरीच्या दोन जातींच्या संकरपट्ट्याचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटक आणि बुरशी मिळून ४० प्रकार तपासले, आणि विविधता संकरपट्ट्यात जास्त आढळली. दोन्हीकडचे पाहुणे तिथे एकत्र येतात. कॉटनवुडवर २००४ मध्ये झालेल्या कामात झाडांच्या एका गटातली जनुकीय विविधता जितकी अधिक, तितके कीटक-कोळ्यांचे प्रकार अधिक, असं दिसलं. कीटकांच्या विविधतेतल्या फरकाचा जवळजवळ ६० टक्के भाग एवढ्या एका गोष्टीने उलगडत होता. एक झाड 'संकर' असण्यापेक्षा बाजूबाजूची झाडं एकमेकांपेक्षा वेगळी असणं महत्त्वाचं, असा मी याचा अर्थ लावतो.

संकरित झाड कीटकासाठी नव्या जातीवर जाण्याचा पूल ठरू शकतं का?

तत्त्वतः हो. एका जातीवरून एकदम दुसऱ्या जातीवर उडी मारणं अवघड, पण मध्ये संकरांची साखळी असेल तर एकेक पायरी चढता येते. फ्लोट आणि व्हिटम यांनी १९९३ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यासाठी सगळ्या दर्जांचे संकर उपलब्ध असावे लागतात. नुसती पहिली पिढी असेल तर पुलाचे मधले खांबच गायब. व्हिटमच्या 'शोषखड्ड्या'शी ही कल्पना सरळ भांडते, कारण एकीत कीटक अडकतो, दुसरीत तो पलीकडे निघून जातो. दोन्ही एकाच प्रयोगशाळेच्या परिघातून आल्या, याचं मला कौतुक वाटतं.

आणि कीटकच संकरित असेल तर?

फळमाशीच्या ऱ्हॅगोलेटिस गणात याचं उत्तर मिळतं. हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर जगणाऱ्या माशीचा एक वंश उत्तर अमेरिकेत १९व्या शतकाच्या मध्यात सफरचंदावर गेला. दोन्ही वंश फळाच्या वासावरून झाड शोधतात, सफरचंदाचा सफरचंदाच्या, हॉथॉर्नचा हॉथॉर्नच्या. या दोघांचा संकर केला तर संकरित माश्या नेहमीच्या प्रमाणातल्या कुठल्याच वासाकडे नीट वळत नाहीत, वास बराच तीव्र करावा लागतो. दोन नकाशे एकावर एक ठेवले, तर एकही नीट वाचता येईनासा होतो.

पण उलटही घडलं आहे. अमेरिकेत लोनिसेराच्या (हनीसकलच्या) बाहेरून आलेल्या झुडपांवर एक फळमाशी आढळली, आणि ती ऱ्हॅगोलेटिसच्या दोन जातींच्या संकरातून जन्मलेली आहे हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही मूळ जाती त्या झुडपावर राहत नाहीत.

लागवडीसाठी संकरित वाण घेतलं तर किडीपासून सुटका होते का?

कोणता गुण कुठून उतरला, यावर सगळं अवलंबून. तीन उदाहरणं देतो.

सुबाभळीवर पडणारा हेटेरोसायला क्युबाना हा सायला, म्हणजे रस शोषणारा छोटा कीटक, मूळचा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागातला. १९८४ मध्ये तो हवाईत पोचला आणि काही वर्षांत आशियाभर पसरला. कोवळे शेंडे वाळून जायचे, झाडाची वाढच खुंटायची. सुबाभळीची नातेवाईक ल्युसिना पॅलिडा या किडीला बऱ्यापैकी तोंड देते. दोघींचा संकर, केएक्स-२, ही ताकद घेऊन आला. पण पॅलिडात टॅनिन जास्त, आणि चारा म्हणून संकराचा दर्जा सुबाभळीपेक्षा उतरला. म्हणून ऑस्ट्रेलियात पुढच्या पिढ्या पुन्हापुन्हा सुबाभळीशी जुळवत, सायलाला तोंड देणारी झाडं निवडत 'रेडलँड्स' हे वाण तयार केलं गेलं. प्रतिकार हवा, पण त्याचं सगळं सामान नको, असा हा हिशेब.

ॲश या झाडाच्या बाबतीत डाव उलटला. ॲशचा खोडकिडा अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिस आशियातून अमेरिकेत आला आणि २००२ मध्ये मिशिगनमध्ये ओळखला गेला. मंचुरियन ॲश त्याच्यासोबत वाढलेला, त्यामुळे बऱ्यापैकी टिकतो. मंचुरियन आणि अमेरिकी काळा ॲश यांचा 'नॉर्दर्न ट्रेझर' हा संकर बाजारात होताच, आणि तो टिकेल अशी आशा बाळगणं स्वाभाविक होतं. प्रत्यक्ष लागवडीत तो खोडकिड्याला सहज बळी पडला. अर्धं रक्त कणखर म्हणून निम्मी ताकद मिळेल, असा नियम नाही.

तिसरं उदाहरण निलगिरीचं. लेप्टोसायबी इन्व्हेजा ही जेमतेम मिलिमीटरभर लांबीची काळी गांधीलमाशी पानाच्या मधल्या शिरेत, देठात आणि कोवळ्या फांदीत अंडी घालते आणि तिथे ओळीने गाठी उठतात. तिचं शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये झालं. तोवर ती बऱ्याच देशांत पोचली होती. ग्रँडिस आणि कॅमाल्ड्युलेन्सिस या निलगिरींच्या संकरातले अनेक क्लोन तिला फार प्रिय, तर त्याच संकरातले काही क्लोन बऱ्यापैकी सुरक्षित. इथे खरा धोका संकराचा नव्हता, कलमांचा होता. छाटकलमांनी वाढवलेल्या हजारो झाडांत एकच जनुकसंच असतो. माशीला एक झाड पसंत पडलं की सगळी बाग पसंत.

लिंबूवर्गीय झाडं तर सगळी संकरच आहेत ना? मग कीटक काय करतात?

बरीचशी आहेत. संत्रं पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलं, लेमन आंबट संत्रं आणि महाळुंगाच्या. स्वॅलोटेल फुलपाखरांना यातल्या पुष्कळ झाडांत फरक वाटत नाही, कारण त्यांना हव्या असलेल्या खुणा या गणात सर्वदूर आहेत. सायलाचं वेगळं. तीन पर्णिका असलेल्या पॉन्सिरस या नातेवाइकावर आशियाई सिट्रस सायला कमी अंडी घालतो, आणि पॉन्सिरसच्या संकरांत हा गुण कुठे उतरतो, कुठे नाही.

किडीचे शत्रू संकरित झाडं ओळखतात का?

त्यांनाही 'संकर' कळत नाही, त्यांचं लक्ष भक्ष्यावर असतं. गाठीची भिंत पातळ असेल तर परजीवी गांधीलमाशीची सुई आत पोचते, जाड असेल तर नाही; आणि जाडी झाडाच्या जनुकांवर ठरते. कॉटनवुडच्या संकरांवर पक्ष्यांची घरटी जास्त असतात, अशीही नोंद आहे.

मग संकरित झाडं दिसली की काढून टाकावीत का?

नैसर्गिक संकरपट्ट्यातली तर मुळीच नाही. तिथली कीटकांची आणि पक्ष्यांची वस्ती त्या झाडांवर उभी असते. बाहेरून आणलेलं झाड स्थानिक दुर्मीळ जातीशी संकर करून तिला पुसून टाकत असेल, तर प्रश्न वेगळा. पण तो किडीचा प्रश्न नाही, त्यासाठी किडीचं कारण पुढे करू नये.

माझ्याकडे संकर आणि मूळ जाती दोन्ही आहेत. कीटक काय निवडतात हे स्वतः कसं तपासू?

आधी झाडं एकाच जमिनीत, एकाच वयाची आणि एकसारखं पाणी मिळणारी असावीत. छाटकलमं करून, जागा सरमिसळ करून लावली तर उत्तम; ओळीने लावली तर कडेच्या झाडांवर जास्त कीड दिसते आणि दोष वाणाला लागतो. नदीकाठच्या जंगलात वर गेलं की थंडी वाढते, माती बदलते, म्हणून जंगलातली नुसती मोजणी संकराबद्दल फार सांगत नाही.

पालवी कधी फुटली त्याची तारीख झाडागणिक लिहून ठेवावी. मोजणी दोनदा करावी, अंडी किंवा नुकतीच आलेली कीड एकदा, आणि त्यातून मोठे झालेले कीटक किंवा पूर्ण भरलेल्या गाठी नंतर एकदा. पहिल्या आकड्यावरून आवड कळते, दुसऱ्यावरून झाडाची ताकद. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळू नयेत.

पानांची निवड बघायची असेल तर ओला कागद अंथरलेल्या पसरट डबीत दोन्ही झाडांच्या पानांच्या सारख्या मापाच्या चकत्या आळीपाळीने मांडाव्यात, मधोमध उपाशी ठेवलेला भुंगेरा किंवा अळी सोडावी आणि काही तासांनी किती खाल्लं ते मोजावं. चकत्या एकाच वयाच्या पानांच्या घ्याव्यात, शेंड्यापासून तिसरं पान असं काहीतरी आधी ठरवून. मग दुसऱ्या डबीत फक्त संकराची पानं ठेवून पाहावं. पर्याय असताना टाळलेलं पान पर्याय नसताना मुकाट्याने खाल्लं जातं, आणि शेतात पर्याय असेल की नाही हे तुमची लागवड ठरवते.